लाकडी मोटारींचे मंडळ

एखादे मंडळ नेमके कशातून जन्माला येते, हा प्रश्न आपल्या समाजाला अपरिचित नाही. गावोगावी आपली व्यापारी मंडळे आहेत, पतसंस्था आहेत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. त्यांच्या स्थापनेच्या हकिकती बहुधा एकाच वळणाच्या असतात. कोणी दानशूर गृहस्थ पुढे येतो, चार प्रतिष्ठित मंडळी बैठक घेतात, घटना तयार होते, नोंदणी होते आणि मग काम सुरू होते. परंतु काही मंडळे याच्या नेमक्या उलट वाटेने येतात. तेथे काम आधी सुरू झालेले असते. अडचण आधी आलेली असते. माणसे एकमेकांच्या दारी मदत मागत फिरत असतात, आणि बऱ्याच काळाने कोणाच्या तरी लक्षात येते की आपले एक मंडळ झालेले आहे, आता त्याला नाव तेवढे द्यायचे राहिले आहे.

या वेळी अशाच एका मंडळाविषयी लिहावयाचे आहे. ते आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सांताक्रूझ या गावी. मुंबईचे सांताक्रूझ नव्हे. कॅलिफोर्नियातील, प्रशांत महासागराच्या काठचे सांताक्रूझ. जुन्या, लाकडी बॉडीच्या मोटारी बाळगणाऱ्या आणि त्यांवर जीव टाकणाऱ्या लोकांचे हे मंडळ. या मोटारींना तिकडे लाडाने ‘वुडी’ म्हणतात. विषय दूरदेशीचा वाटेल, हौशी लोकांचा वाटेल. पण जुन्या वस्तू, जुनी पेढी आणि जुने कारागीर ज्या ज्या घरात आहेत, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

प्रथम या मोटारींविषयी. आगगाडी जेव्हा प्रवासाचे मुख्य साधन होती, तेव्हा स्थानकावर उतरलेले उतारू आणि त्यांच्या पेट्या हॉटेलपर्यंत पोहोचविण्यासाठी एक लांबट, मागे भरपूर जागा असलेले वाहन लागे. मोटारीची चासी घ्यायची आणि स्थानिक सुताराकडून अथवा बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडून तिच्यावर लाकडी सांगाडा चढवून घ्यायचा, अशी रीत पडली. स्थानकाशी असलेल्या या नात्यामुळेच त्या गाडीला ‘स्टेशन वॅगन’ हे नाव मिळाले. पुढे १९२९ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल ए’ मध्ये अशी लाकडी स्टेशन वॅगन स्वतःच्या यादीतच घेतली. आता गिऱ्हाइकाला सुतार शोधावा लागत नव्हता. तयार गाडी दुकानात मिळू लागली.

या लाकडामागे मोठा व्यापारी विचार होता. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या प्रसिद्ध गाडीलाही दिसत नसले तरी पुष्कळ लाकूड लागत असे: दर गाडीमागे सुमारे १०० बोर्ड फूट, म्हणजे आपल्या लाकूड बाजारातील हिशेबाने आठ घनफुटांहून थोडे अधिक. लाखोंनी गाड्या काढणाऱ्या माणसाने हे लाकूड बाहेरून किती काळ विकत घ्यावे? फोर्ड यांनी मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, आयर्न माउंटन या गावाच्या परिसरात, १९२० मध्ये तीन लाख एकरांहून अधिक जंगल खरेदी केले आणि तेथेच लाकूड कापण्याची, सुकविण्याची व घडविण्याची गिरणी उभी केली. जमिनीच्या व्यवहारात साह्य करणारे एडवर्ड किंग्सफर्ड हे त्यांचे नातलग. त्यांच्या नावाने शेजारी किंग्सफर्ड हे गाव वसले. स्टेशन वॅगनचे मेपल व बर्चचे भाग याच गिरणीत तयार होत. आरंभी ते जोडणीसाठी दुसऱ्या कारखान्यात पाठवीत, पुढे संपूर्ण बॉडीही तेथेच जोडली जाऊ लागली.

गिरणीत लाकूड कापले की भुसा, ढलप्या आणि तुकडे यांचे ढीग पडतात. फोर्ड यांना काहीही वाया गेलेले खपत नसे. त्या ढिगांपासून कोळसा करून त्याच्या वड्या पाडण्याचा उद्योग त्यांनी सुरू केला आणि त्या वड्या मोटारींच्या दुकानांतूनच विकल्या. फोर्ड कंपनीने १९५१ मध्ये तो कारखाना सोडला. पण कोळशाच्या वड्या ‘किंग्सफर्ड’ या नावाने अमेरिकेत आजही विकल्या जातात. मूळ धंदा बंद पडला आणि त्याच्या कचऱ्यातून निघालेला जोडधंदा टिकला, ही गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष सांगावी अशी आहे.

आता ही गाडी बांधीत कशी, ते थोडे पाहू; कारण मंडळाचा जन्म या बांधणीतच दडलेला आहे. पुढचे नाक, इंजिनावरचे झाकण आणि चाकांवरचे पंखे पोलादी असत. चालकाच्या मागचा सगळा भाग, म्हणजे दारे, खांब, खिडक्यांच्या चौकटी आणि मागचे झाकण, हा लाकडाचा. चौकटी मेपल किंवा बर्चच्या. त्यांच्या मधल्या तावदानांना बर्च, गम किंवा महोगनीचे पातळ थर. सांधे कूस पाडून किंवा बोटांत बोटे गुंतवावीत तसे दात पाडून बसविलेले. छपरालाही लाकडी पट्ट्या, आणि त्यांवर पाणी न शिरू देणारे कापड ताणून बसविलेले. हे लाकूड शोभेचे नव्हते. गाडीचा भार त्यावर होता. दाराचा सांधा सैल झाला की दार लोंबू लागे, खांब कुजला की छप्पर डुलू लागे.

अशी गाडी फोर्डच्या यादीत सर्वांत महाग गाड्यांपैकी असे, कारण तिच्यात हाताचे काम अधिक होते. आणि विकत घेतल्यानंतरही ती खर्च मागे. लाकडाला दरवर्षी घासून वॉर्निशचा नवा हात द्यावा लागे. एखादे वर्ष चुकले, वॉर्निशला तडा गेला, की पाणी आत झिरपे. दाराच्या खालच्या कडेला ते साठे, लाकूड काळे पडे आणि बुरशी धरी. उघड्यावर उभी राहणारी गाडी दहा वर्षांत खिळखिळी होई. घरातील जुने सागवानी दार ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की हे दार ताशी पन्नास मैलांनी धावत होते आणि पावसात उभे राहत होते.

दुसऱ्या महायुद्धात या सुतारकीचा निराळाच उपयोग झाला. किंग्सफर्डच्या कारखान्यात सैनिक वाहून नेणारी बिनइंजिनाची लाकडी-कापडी विमाने, म्हणजे ग्लायडर, बांधण्यात आली. तेथून ४,१९० ग्लायडर बाहेर पडली. पण युद्धानंतर वारे फिरले. १९४६ मध्ये विलीस कंपनीने जीपवर आधारलेली सर्वस्वी पोलादी स्टेशन वॅगन आणली. तिच्यावर लाकडासारखा दिसेल असा रंग दिलेला होता. १९४९ मध्ये प्लिमथने ‘सबर्बन’ ही पोलादी वॅगन काढली आणि तिला गिऱ्हाईक भराभर मिळाले. वॉर्निश नको, सुतार नको, कुजण्याची धास्ती नको. फोर्डने १९५१ नंतर खऱ्या लाकडाची बांधणी सोडली. १९५३ ची ब्युइक ‘रोडमास्टर एस्टेट’ ही अमेरिकेतील मोठ्या कंपनीची अखेरची खरी लाकडी वॅगन ठरली. गंमत अशी की लाकूड गेले तरी लाकडाची हौस गेली नाही. फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ ही गाडी १९९१ पर्यंत निघत होती, आणि तिच्या पोलादी अंगावर लाकडाच्या नक्षीचे प्लास्टिकचे आवरण चिकटविलेले असे.

मग खऱ्या लाकडी गाड्यांचे काय झाले? त्यांचा भाव कोसळला. मोटारींच्या जुन्या बाजारात ज्या वस्तूचा सांभाळ खर्चिक आणि उपयोग संपलेला, ती मातीमोल होते. पुष्कळ गाड्या जाळल्या गेल्या, पुष्कळांची लाकडे काढून खालची चासी भंगारात गेली. ज्या थोड्या उरल्या, त्या एका अनपेक्षित गिऱ्हाइकाने उचलल्या. हे गिऱ्हाईक म्हणजे लाटांवर फळी टाकून खेळणारी कॅलिफोर्नियातील तरुण मुले.

सांताक्रूझचे या खेळाशी जुने नाते आहे. १८८५ साली हवाई बेटांच्या राजघराण्यातील तीन राजपुत्र शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात होते. त्यांनी तेथील रेडवुड वृक्षाच्या फळ्या कापवून घेतल्या आणि सांताक्रूझ येथे सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार होऊन दाखविले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या खेळाची पहिली नोंद ती हीच. पुढे १९५० च्या दशकात हा खेळ किनाऱ्यावरील तरुणांत पसरला. जॅक ओनील यांनी थंड पाण्यात घालावयाचा रबरी पोशाख प्रचारात आणला आणि १९५९ मध्ये आपले दुकान सांताक्रूझला हलविले, त्यामुळे तेथील गार पाण्यात वर्षभर खेळणे शक्य झाले.

या मुलांजवळ पैसा नव्हता आणि नऊ-दहा फुटी फळ्या होत्या. साध्या मोटारीत त्या मावत नसत. लाकडी वॅगन लांब होती, तिच्या मागे झोपताही येई, आणि ती क्षुल्लक किमतीला मिळे. बस्स, एवढाच हिशेब होता. वारशाचे प्रेम, कारागिरीची कदर, यांपैकी काहीही त्या व्यवहारात नव्हते. ओल्या अंगाने, वाळू झाडत मुले त्या गाड्यांत बसत. खाऱ्या पाण्याने उरलेले वॉर्निशही जाई. परंतु १९६३ साली ‘सर्फ सिटी’ हे जॅन आणि डीन या जोडीचे गाणे अमेरिकेत अव्वल क्रमांकावर पोहोचले आणि त्यातील वुडी देशभर ठाऊक झाली. श्रीमंतांच्या बंगल्यातून निघालेली, भंगाराच्या दारापर्यंत पोहोचलेली गाडी एका पिढीच्या तारुण्याची खूण बनली.

येथून पुढे खरी कथा सुरू होते. ती मुले मोठी झाली. कोणी दुकानदार झाला, कोणी शिक्षक, कोणी बांधकामात गेला. हाती थोडा पैसा आला तेव्हा त्यांना आपली जुनी गाडी आठवली. कोठेतरी कोंबड्यांच्या खुराड्यात, शेतावरच्या गोठ्यात उभी असलेली एखादी वुडी त्यांनी शोधून आणली आणि दार उघडायला गेले, तर दार हातात आले.

इंजिन दुरुस्त करणारा कारागीर सापडे. फोर्डचे इंजिन लाखोंच्या संख्येने निघालेले, त्याचे सुटे भाग मिळत. पण लाकडाचे काय? त्या वक्र खांबाचा नमुना कोणाकडे? ज्या कारखान्याने तो कापला, तो बंद झालेला. कारखान्यातील यंत्रे विकली गेलेली, कारागीर निवृत्त झालेले किंवा निवर्तलेले. घरे बांधणारा सुतार सरळ लाकडाचा वाकबगार; गाडीच्या दाराला एकाच वेळी दोन दिशांनी बाक असतो. होडी बांधणाऱ्या सुताराला ते जमे, पण त्याला मोटार ठाऊक नसे. आणि जुना खांब नमुना म्हणून वापरावा, तर तो हातात घेताच भुगा होई.

म्हणून मग एकाने दुसऱ्याला विचारले. ज्याच्या गाडीचे डावे दार शाबूत होते, त्याच्याकडे जाऊन दुसऱ्याने कागदावर त्याची आखणी करून घेतली आणि उलटी करून उजवे दार घडविले. एकाने मेपलची मोठी खेप मागविली, कारण एकट्याला लागणाऱ्या तीन फळ्यांसाठी वखारवाला दाद देईना. ती खेप पाच जणांत वाटून घेतली. कोणते वॉर्निश समुद्राच्या हवेत टिकते, किती हात द्यावेत, दोन हातांमध्ये किती दिवस थांबावे, काळे पडलेले लाकूड उजळावे कसे, ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे गेली. अशा देवघेवीतून अमेरिकेत ठिकठिकाणी वुडीवाल्यांची मंडळे उभी राहिली. ‘नॅशनल वुडी क्लब’ ही त्यांची देशव्यापी संघटना. ‘वुडी टाइम्स’ हे तिचे नियतकालिक. त्यातील छोट्या जाहिराती वाचल्या तरी मंडळाचे खरे स्वरूप कळते: अमुक सालच्या गाडीच्या मागच्या झाकणाची बिजागरी हवी आहे, तमुक सालच्या छपराच्या पट्ट्या देणे आहे.

सांताक्रूझचे मंडळ यांपैकीच एक. १९९० च्या दशकात त्याने आकार घेतला आणि त्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी उन्हाळ्यात गावच्या धक्क्यावर गाड्यांचा मेळावा भरू लागला. कॅलिफोर्नियातून आणि बाहेरूनही दोनशेच्या घरात लाकडी गाड्या तेथे येतात. जागेची निवडही साजेशी आहे. सांताक्रूझचा धक्का १९१४ साली लाकडी खांबांवर बांधलेला आहे आणि समुद्रात सुमारे अर्धा मैल शिरलेला आहे. लाटांनी आणि पाण्यातील किड्यांनी खाल्लेले खांब बदलत बदलतच तो आजवर उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या लाटांनी त्याच्या टोकाचा सुमारे दीडशे फुटांचा भाग कोसळून वाहून गेला, तोही दुरुस्तीचे काम चालू असतानाच. लाकूड राखणे म्हणजे काय, हे त्या धक्क्यावर गाडी उभी करणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

या मंडळींमध्ये एक वाद कायम चालतो, आणि तो आपल्याही विचाराचा आहे. एखाद्या गाडीचे कुजलेले सगळे लाकूड काढून नवे बसविले, तर ती गाडी जुनी म्हणावी की नवी? काही जण म्हणतात, जेवढे मूळ लाकूड वाचेल तेवढे वाचवावे. कुजलेला भाग तेवढाच काढून तेथे जोड द्यावा, डाग राहिले तरी चालतील. दुसरे म्हणतात, गाडी रस्त्यावर धावली पाहिजे. मोडके लाकूड राखून ती कायमची काचेच्या दालनात ठेवण्यापेक्षा, मूळ मापाने नवे लाकूड घडवून ती चालवावी. दोन्ही पक्षांत जाणती माणसे आहेत.

मला या वादात आपल्या पेढ्या आठवतात. शंभर वर्षांची पेढी म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो, तिच्यात शंभर वर्षांपूर्वीचे काय उरलेले असते? माणसे बदललेली, जागा बदललेली, माल बदललेला. गादीच्या जागी खुर्च्या आल्या, चोपडीच्या जागी संगणक आला. तरीही पेढी जुनी असते, कारण एका हाताने दुसऱ्या हाताला ती देताना मधला धागा तुटलेला नसतो. बापाने मुलाला बाजूला बसवून माल पारखणे, माणूस पारखणे शिकविलेले असते. लाकडी गाडीचेही तेच आहे. खांब बदलले तरी चालतात. खांब कसा बदलावा हे ज्ञान जर मध्येच तुटले, तर मूळ लाकूड शाबूत असूनही गाडी संपलेली असते.

मंडळाला एक धोकाही आहे, तो झाकून चालणार नाही. ज्या गाड्या एकेकाळी पोरांना खिशातल्या पैशांत मिळत, त्यांपैकी उत्तम सुधारलेल्या काही गाड्या लिलावात एक लाख डॉलरांच्या पुढे गेल्या आहेत. किंमत चढली की माणसे बदलतात. वस्तू वापरणाऱ्याच्या हातून जमविणाऱ्याच्या हाती जाते. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला ती परवडत नाही आणि मेळाव्यात पांढऱ्या केसांची संख्या वाढत जाते. अडचणीतून जन्मलेले मंडळ प्रदर्शनापुरते उरले, तर ते फार काळ टिकत नाही. म्हणून जी मंडळे जाणती आहेत, ती तरुणांच्या हाती रंधा आणि पटाशी देतात; गाडी नसली तरी हुन्नर शिकू देतात. ब्रिटनमध्ये ‘मॉरिस मायनर ट्रॅव्हलर’ ही १९५३ ते १९७१ या काळात निघालेली साधी, मध्यमवर्गीय गाडी आहे. तिच्या मागच्या भागाचा सांगाडा अॅश लाकडाचा आणि खराखुरा भार पेलणारा. लाकूड कुजले तर गाडी तपासणीत नापास होऊ शके. ती संख्येने पुष्कळ आणि आवाक्यातली राहिल्याने तिचे लाकूडकाम करणारे कारागीर आजही टिकून आहेत. हुन्नर जगतो तो गिऱ्हाइकांच्या संख्येवर. एका गाडीच्या चढ्या भावाने तो जगत नाही.

आता आपल्याकडे वळू. लाकडी बॉडीचे वाहन महाराष्ट्राला परके नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी निघाली. तिची बॉडी लाकडाची होती आणि बैठका काथ्याच्या. त्या रस्त्यावरील गावांत आपल्या समाजाची जुनी दुकाने आहेत. ज्यांच्या आजोबांनी त्या गाडीने कापडाची वा किराण्याची खरेदी करून आणली असेल, अशी घरे आजही तेथे आहेत. मालट्रकचे तर पाहायलाच नको. कंपनीकडून नुसती चासी घ्यायची, ती बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायची, आणि तेथे सुतार, लोहार व रंगारी यांनी मिळून केबिन, फळ्या आणि फाळका चढवायचा, ही आपल्या मालवाहतुकीची कित्येक दशकांची रीत. आता केबिन कारखान्यातूनच तयार येते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वाकड्या खांबाला वाकडाच सांधा देणारा तो मिस्त्री हळूहळू नाहीसा होत आहे, आणि त्याच्याकडची मापे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

माझ्या परिचयाच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी वाटणीच्या वेळी गोदामातला जुना ट्रक निघाला. आजोबांनी घेतलेला घरातला पहिला. तिघा भावांपैकी कोणालाच तो नको होता आणि तिघांनाही तो दुसऱ्याने मोडलेला नको होता. वर्षभर त्यावर ताडपत्री राहिली. अखेर तो वजनावर गेला. घरच्या वृद्ध दिवाणजींनी मात्र पेढीचे नाव रंगविलेला मागचा फाळका उतरवून घेतला आणि स्वतःच्या माडीवर ठेवला. त्या तिघांना दोष देण्याचे कारण नाही. एकट्या घराने सांभाळावा असा तो ऐवज नव्हताच. त्यांच्या शेजारच्या दोन तालुक्यांत असे आणखी चार ट्रक ताडपत्रीखाली असतील, आणि त्या चार घरांनी एकमेकांना कधी विचारलेले नसेल.

ज्यांच्या घरी जुनी मोटार किंवा मोटारसायकल आहे, त्यांना कायद्याची एक बाजू ठाऊक असावी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात नोंदविता येतात. क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठरविले असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी नेहमीच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती बाहेर काढावयाची. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम परिवहन कार्यालयात पाहून घ्यावेत. आपल्या देशात हौशी मंडळांचीही परंपरा आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी १९६४ मध्ये सुरू केली; मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ हे मंडळ आहे.

परंतु मला सुचवावयाचे आहे ते याहून लहान काम आहे. आपल्या गावात जुनी वस्तू सांभाळणारी तीन घरे शोधावीत. मोटारच असली पाहिजे असे नाही. पितळी तराजू असेल, लाकडी तिजोरी असेल, तेलाचा घाणा असेल, जुन्या वाड्याचा कोरीव दरवाजा असेल. त्या तीन घरांनी एकत्र बसून चार गोष्टी कराव्यात. वस्तूची मापे आणि छायाचित्रे एका वहीत नोंदवावीत. तिची पावती, नोंदणीपुस्तक, जुने पत्र असे जे कागद असतील ते एका पाकिटात ठेवावेत. जो मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो, त्याचे नाव-गाव लिहून ठेवावे आणि त्याला वर्षातून एकदा तरी काम द्यावे. आणि मोडलेला भाग नवा बसविल्यावरही जुना तुकडा टाकून देऊ नये. पुढच्या वेळी नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो. सांताक्रूझच्या लोकांनी प्रत्यक्षात याहून निराळे फार काही केलेले नाही.

घरातील तरुण मुले विचारतील की या सगळ्याचा उपयोग काय. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागावून उत्तर देऊ नये. जुने म्हणून सर्वच राखण्यासारखे नसते. घरात जागा थोडी असते, पैसाही मोजका असतो, आणि अडगळीला वारसा म्हणण्याची सवय वाईटच. राखावे काय, याची एक साधी कसोटी या लाकडी गाड्यांच्या इतिहासातून मिळते. जी वस्तू नीट ठेवण्यासाठी आपल्याला दुसऱ्या माणसाकडे जावे लागते, त्याच्याकडून शिकावे लागते, त्याला शिकवावे लागते, ती वस्तू माणसे जोडते. ती राखावी. जी केवळ कुलपाआड पडून राहते आणि वाटणीच्या दिवशी भांडणाला कारण होते, तिच्याविषयी शांतपणे विचार करावा.

पुढच्या वेळी गोदामाची साफसफाई निघेल तेव्हा भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस थांबावे. शेजारच्या पेढीवर जाऊन विचारावे, ‘आपल्याकडेही असे काही आहे का?’ उत्तर ‘आहे’ असे आले, तर मंडळाची पहिली बैठक तेथेच झाली असे समजावे.